नवख्याचा गुलाब

लोधीखेड्यातला गुलाबाचा छंद बहुधा रोपवाटिकेतल्या फुललेल्या कुंडीपासून सुरू होतो आणि ते फूल गळेपर्यंत टिकतो. हे गाव ज्यात येते तो सौंसर-पांढुर्णा हा संत्र्याचा पट्टा. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमे इथे पोरासोरांनाही ठाऊक. गुलाबही असाच जंगली खुंटावर भरलेला असतो, हे मात्र अंगणात कुणाला आठवत नाही. डोळ्याखालून आलेला जोमदार फुटवा पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो. तो खुंटाचा असतो. वेळीच काढला नाही, तर कलम उपाशी मरते.

काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून निचरा हवा, कुजलेले शेणखत हवे. नवखा दोन्ही वेळा पाणी घालतो. संत्र्याला बहारासाठी पाण्याचा ताण देणारा हात गुलाबापुढे हळवा होतो. रोज निदान 5-6 तास ऊन लागते, पण कुंडी शोभेसाठी ओसरीच्या सावलीत असते. छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, बाहेरच्या अंगाच्या डोळ्यावर करायची. तेव्हा कात्री चालवायला मन धजत नाही. झाड उंच वाढते, फुले घटतात आणि दोष रोपवाटिकेच्या माथी बसतो. मे महिन्याच्या उन्हात उरलेसुरले रोप सुकते. दिवाळीला नवी कुंडी येते.