आभाळाला निकष कळवा

31 ऑक्टोबर 2023 ला सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत पुणे जिल्ह्यातलं शिरूर होतं, दौंडही होतं. त्याला एकोणीस महिने व्हायच्या आत, मे 2025 च्या शेवटच्या आठवड्यात, दौंड, बारामती आणि इंदापूर पाण्यात. बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. 26 मेला तर मान्सून मुंबईत हजर! रोहिण्या नुकत्या लागलेल्या, नांगरट अर्धी, आणि शेतात तळं. टँकरचं बिल निघालं की नाही याची चौकशी चालू असतानाच होडीची चौकशी करायची पाळी.

शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात बसून हे बघणाऱ्याला एकच शंका येते. आपल्याकडच्या सरकारी कपाटाला कप्पे दोन. एकात दुष्काळ, दुसऱ्यात अतिवृष्टी. एकाच गावाने पावणेदोन वर्षांत दोन्ही कप्पे उघडायला लावले, तर कारकुनाने करायचं काय?

दुष्काळाच्या कप्प्यात माल बरा आहे, खोटं कशाला बोला. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर. तो साडेतेहेतीसमधला अर्धा टक्का कुठून आला, हे विचारू नये. विहीर कोरडी पडली की पंप चालत नाही, पंप चालला नाही की बिल येत नाही, आणि न आलेल्या बिलात साडेतेहेतीस टक्के सूट! हिशेब चोख आहे.

अतिवृष्टीचा कप्पा त्याहून काटेकोर. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. 64 पडला तर तो नुसता पाऊस, त्याचं कौतुक करावं. पर्जन्यमापक एका जागी उभा आणि पाऊस गावोगाव भटका. तुमच्या बांधावर बदाबदा कोसळला आणि यंत्रावर शिंतोडे उडाले, तर कागदावर शिंतोडेच. पुढची चाळणी 33 टक्के नुकसानीची. बत्तीस टक्के नासलेला कांदा ठणठणीत समजावा, बाजारात न्यावा, मिळेल तो भाव घ्यावा.

कांद्याचं म्हणाल तर त्याला पंचनामा ही कल्पनाच मान्य नाही. मे महिन्यात भिजलेला कांदा चार दिवसांनी उन्हात नवरदेवासारखा दिसतो. पत्ती लाल, कोरडी, झळझळीत. मोबाइलमध्ये फोटो काढा, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट झकास येतो. पण त्याच्या माने‍वर अंगठा ठेवून दाबा, अंगठा सरळ आत जातो. पंधरवड्याने चाळीतून काळं पाणी झिरपतं आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. तोवर पंचनामे आटोपलेले असतात. वास अपलोड करायची सोय अजून कुठल्याच ॲपमध्ये नाही.

विम्याची गंमत तर ताजीच आहे. खरीप 2023 पासून एक रुपयात पीकविमा होता. बोगस अर्जांचा बोभाटा झाला, म्हणून खरीप 2025 पासून एक रुपया गेला. त्याबरोबर स्थानिक आपत्तीची स्वतंत्र भरपाईही गेली आणि उरला पीक कापणी प्रयोग. म्हणजे ज्या वर्षी मे महिन्यात ढग फुटले, त्याच वर्षी विम्याने छत्री मिटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे संन्याशाकडून आधी हप्ताही घेतात.

मोठी शहरं मात्र शहाणी आहेत. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा काढला, त्यात 2050 पर्यंतचं सगळं आलं. राज्यात 2020 पासून माझी वसुंधरा अभियान आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण मिळतात. गुण मिळवायला हरकत नाही. त्या मेमध्ये पाचपैकी दोन तत्त्वं स्वतःच तपासणीला आली, एवढंच.

जगाचंही ठीक चाललंय. आपल्या दुष्काळाच्या यादीला महिना होत होता, तेव्हा 30 नोव्हेंबर 2023 ला दुबईच्या हवामान परिषदेत हानी-नुकसानीचा निधी सुरू झाला. धूर ज्यांनी केला त्यांनी, ज्यांच्या डोळ्यांत गेला त्यांना पैसे द्यावेत. न्याय एक नंबर! पण हा न्याय विमानाने दुबईला जातो, हडपसरच्या पुढे एसटीने येत नाही. खडकवासल्याचं पाणी पुणं पितं. बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यायचं, असा करार आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते जुन्या कालव्यात सोडतात आणि हवेली-दौंडच्या शेतांकडे पाठवतात. प्रक्रिया कितपत झाली हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. वारा आपल्या अंगावर असला की पुरे. पुण्याने हवामानाशी जुळवून घ्यायचं, दौंडने पुण्याशी.

आता जरा आपल्या शिवारात. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, पाणी किती ते बघून पिकं ठरवते. तिथे बोअरच्या पाण्यावर शेती नाही, ऊस नाही, केळी नाही. आपल्याकडची कोणती ग्रामपंचायत तिथे अभ्यास दौऱ्याला गेली नाही? गाडी करून जायचं, पोपटराव पवारांच्या गावात टोप्या घालून फोटो काढायचा, आणि रात्री परत येऊन उसाला पाणी धरायचं, कारण लाइट रात्रीच असते. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे. बोअरची गाडी गावात आली की हा कायदा कुणी मोठ्याने वाचून दाखवावा, करमणूक होईल.

जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, असं कॅगने 2020 मध्ये लिहून दिलं. त्यावर खल झाला आणि उपाय निघाला : जलयुक्त शिवार 2.0. सिनेमा पडला तरी दुसरा भाग काढायची रीत आहे.

शेवटी सगळा कारभार येऊन थांबतो तो आवर्तनावर. घोडचं धरण शेजारी चिंचणीला. पाणी कधी सोडायचं, किती दिवस, आधी कुणाला, हे ठरतं कालवा सल्लागार समितीत. मुंबईचा आराखडा नि दुबईचा निधी एका बाजूला आणि ही बैठक एका बाजूला. इथे पुढाऱ्यांचा आवाज चढतो तो एकाच प्रश्नावर, कालव्याच्या टेलपर्यंत पाणी का पोचलं नाही? पुढची बैठक होईल तेव्हा होईल. टेलवाल्यांनी तोवर मोटारीची केबल पन्नास फूट जादा आणून ठेवावी. दुकानदार म्हणतो, चांगल्या कंपनीची आहे, पाण्यात राहिली तरी काही होत नाही, आणि पाण्याबाहेर राहिली तरी.