विलीनीकरणाचा करार

आप्तेष्टांवरील प्रेम हे त्यांच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या समप्रमाणात वाढते, हा सिद्धान्त महसूल खात्यातल्या प्रदीर्घ नोकरीत, असंख्य वाटणीपत्रांच्या आधारे, मी मनाशी पक्का केला होता. आणि तरीही सेवानिवृत्तीनंतर नागपुरातील महालातले पिढीजात बिऱ्हाड मोडून, ज्येष्ठ भगिनीच्या "आता जवळ या रे" एवढ्या एका वाक्यावर, पुण्यात कोथरुडास तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मी सहकुटुंब रुजू झालो, याचे श्रेय माझ्या भगिनीप्रेमापेक्षा नागपूरच्या मे महिन्याला देणे अधिक न्याय्य ठरेल.

आम्हां नागपूरकरांना विलीन होणे नवे नाही. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या, 1956 साली आमच्या शहराचे राजधानीपद गेले, आणि मोबदल्यात विधिमंडळाचे वर्षाकाठी एक अधिवेशन नागपुरास भरेल, एवढे आश्वासन पदरात पडले. हाच पूर्वाधार धरून मी ताईपुढे मसुदा ठेवला, की सणवार, हळदीकुंकू आणि पक्षपंधरवडा हे सर्व अधिकार कायम तिच्याकडे राहावेत, मात्र वर्षातून किमान एक सण आमच्या घरी भरवला जावा. ताईने तो चष्मा न लावताच मंजूर केला. आणि चष्मा न लावता मंजूर झालेल्या कागदाची पुढे काय गत होते, हे ज्याने कचेरीत हयात घालवली त्याला निराळे सांगावे लागत नाही.

दोन गल्ल्या म्हणजे नेमके वाटीचे अंतर. तेवढ्यात आमटी निवण्यापूर्वी पोचते, आणि सल्ला आमटीच्याही आधी. पहिल्याच सकाळी ताईकडून जी वाटी आली, तिच्या काठावर भाच्याचे नाव, 'मौंजीबंधनानिमित्त' ही अक्षरे आणि तारीख अशी टाकीने ठोकून घातलेली होती; म्हणजे मालकीचा पुरावा भांड्यासोबतच जोडलेला. रिकामी वाटी परत करू नये, हा आपल्याकडचा कायदा कोणत्याही संहितेत नसूनही कुळकायद्यापेक्षा अधिक कसोशीने पाळला जातो. तेव्हा चिंचगुळाच्या आमटीची वाटी आमच्या कुटुंबाने घासून, तीत गोळाभात भरून, वर मोहरीच्या फोडणीचे कढत तेल ओतून रवाना केली. त्या तिखटाचा समाचार घेण्यासाठी तिकडून साखरभात आला. साखरभाताला आम्ही पाटवडीने उत्तर दिले. सांप्रत आमच्या फडताळात भाच्याच्या मुंजीपासून भाचीच्या डोहाळजेवणापर्यंत ताईच्या घरचा समग्र इतिहास कालानुक्रमे उभा आहे. बारा वर्षांच्या अखंड वहिवाटीने स्थावर मिळकतीवर हक्क सांगता येतो. परंतु वाटी पडली जंगम, त्यामुळे तीही सोय नाही.

सरकारदरबारी मी येथला रहिवासी झालो, तो मतदारयादीचा नमुना 8 भरून. कोथरूडच्या दप्तरी मात्र माझी नोंद 'ताईंचे बंधू' अशीच आहे, आणि त्या नोंदीत फेरफार करून घेण्याचे कोणतेही कार्यालय मला अद्याप सापडलेले नाही. वाण्याकडे साखर मागावयास गेलो, तर त्याने "काका, अर्धाच किलो देतो. ताई म्हणाल्या, तुमची शुगर वाढलीय" असे दहा गिऱ्हाइकांच्या साक्षीने जाहीर केले. या मानहानीचा वचपा म्हणून, नागपूरची मेट्रो 2019 साली धावू लागली आणि वनाज ते गरवारे कॉलेज ही पुण्याची मेट्रो 2022 साली, हे सत्य मी दशभुजा गणपतीपाशी भेटणाऱ्या प्रत्येक निवृत्त गृहस्थाच्या कानी घालत असतो. त्यावर एकाने शांतपणे, "आमच्याकडे आधी विचार करतात," असे उत्तर दिले, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की जणू नागपूर हे अविचारी माणसांचे गाव असावे.

करारान्वये भरावयाच्या अधिवेशनासाठी मी मुत्सद्देगिरीने तान्हा पोळा निवडला होता. कारण लाकडी बैल सजवून मुलांनी घरोघरी बोजारा मागत हिंडावयाचा हा भोसल्यांच्या नागपुराचा सण कोथरुडास मुळीच अवगत नसल्याने त्यावर ताईला हक्क सांगता येणार नाही, असा माझा कयास होता. ताई सकाळी सातलाच पदर खोचून हजर झाली. "वन्सं, तुम्ही बसा" असे कुटुंब म्हणते न म्हणते तोच तिने मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची बदली केली, रस्शातला मसाला निम्म्यावर आणला आणि बैलाचे तोंड पूर्वेस फिरवले. भाऊजी तेवढे गॅलरीत माझ्या आडोशाला बसून तर्री-पोहे खात होते. त्यांना तिखट वर्ज्य असल्याने प्रातःकाळच्या फेरफटक्याच्या मिषाने ते हल्ली नित्य आमच्याकडेच राजकीय आश्रय घेतात. हा एक प्रदेश मात्र मी करारात नसताना जोडून घेतला आहे.

मध्यंतरी अमरावतीहून माझ्या धाकट्या मेहुण्याचे पत्र आले, की तोही निवृत्त होत असून आमच्याच इमारतीत एखादी जागा मिळेल काय. मी उत्तर लिहावयास बसलो, तोवर कुटुंब तुळशीबागेत जाऊन डझनभर वाट्यांवर आमचे नाव घालून परतलेही होते.