अडीच एमएमचे काकाजी

आमच्या आमगावात इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या स्टुलावर जे गृहस्थ बसलेले असतात, त्यांचा त्या दुकानाशी काय संबंध हे मालकालाही नीट सांगता येणार नाही. पगार नाही, भागीदारी नाही, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर मी शाळेत होतो तेव्हापासून त्यांनी तिथून साधा एक होल्डर विकत नेलेला नाही. पण तुम्ही काय न्यायचं ते हेच ठरवतात. मालक फक्त पैसे घेतो.

तोंडावर त्यांना सगळे काकाजी म्हणतात, पाठीमागे 'अडीच एमएम'. वायरीच्या जाडीचं माप खरं तर चौरस मिलिमीटरमध्ये असतं, पण 'चौरस' म्हणायला वेळ कुणाला आहे? दिव्याला एक एमएम, फ्रिज-कूलरला अडीच, अशी साधारण वहिवाट. काकाजींच्या लेखी मात्र अडीचच्या खाली वायर नसतेच. असतो तो दोरा.

माझा भाचा मंडईच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. नाटक वडशाहून ठरवून आणतात, ऑर्केस्ट्रा घरचाच चालतो. भाच्याने सुताराकडून प्लायवूडचा बॉक्स करून घेतला, त्यात बारा इंची दोन स्पीकर बसवले आणि अँपपासून बॉक्सपर्यंतची जोडणी चक्क गिटारच्या केबलने केली. ती केबल नाजूक सिग्नलसाठी असते. बाहेर जाळी, आत एक बारीक तार. स्पीकरचा करंट वाहणं हे तिचं काम नव्हे. असं त्याला कुणीतरी सांगितलं, आणि बरोबरच सांगितलं. त्यातून आवाजही पोकळ येत होता, खर्ज विहिरीत पडल्यासारखा. म्हणून आम्ही मामा-भाचे मीटरभर वायर आणायला निघालो. मी आकडेमोड करून गेलो होतो, तिथेच चुकलं.

"तेवीस-शहात्तर द्या, एक मीटर, दुपदरी," मी म्हणालो. आत तेवीस तारा, आणि प्रत्येक तार इंचाच्या दहा हजार भागांतल्या शहात्तर भागांएवढी जाड, असं ते माप. देशातून इंच जाऊन जमाना झाला, पण दुकानातले शहात्तर काही गेले नाहीत.

"पायजम्यात नाडी घालाची आहे काय बाबू?" स्टुलावरून आवाज आला.

भाच्याने खालमानेने सांगितलं, "नाही काकाजी, गिटारच्या स्पीकरले."

"मंग तेवीस-शहात्तर काहून?" एवढं बोलून काकाजी माझ्याकडे वळले. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते जरा सौम्य होतात. "गुरुजी, बांधीत पानी सोडता ना? नाली बारीक असन तं धान पिकन काय?"

धानाच्या मुलखात या दृष्टांताला उत्तर नसतं. तरी मी वही काढली. शंभर वॅटचं अँप, चार ओहमचा बॉक्स, म्हणजे अगदी पूर्ण जोर लावला तरी करंट पाच अँपिअर. मीटरभर तेवीस-शहात्तरचा जाऊन-येऊन विरोध ओहमच्या विसाव्या भागाएवढा. शंभर वॅटमधला सव्वा वॅट काय तो वायरीत मुरणार. आवाज उतरल्याचं कानाला जेमतेम जाणवायचं म्हटलं तरी शंभराचे ऐंशी व्हावे लागतात.

"सव्वा वॅट काय फुकटचा आहे?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. "काकाजी, स्पीकरच्या पोटात जी कॉइल असते ना, तिची तार घोड्याच्या केसाएवढी असते, आणि लांबी कित्येक मीटर. सगळे ओहम तिथेच बसलेत. आपली बाहेरची मीटरभर जाड करून काय होणार?"

काकाजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "आतडं बारीक असते म्हनून ताटही बारीक घेता काय गुरुजी?"

दुकानात उभी असलेली चार माणसं हसली. वाद तिथेच संपला.

माझं खरं दुःख वेगळंच आहे. बारीक तारेचा महिमा या माणसाएवढा तालुक्यात कुणी पाहिलेला नाही. तरुणपणी लग्नात, मंडईत भोंगे लावायचं काम काकाजींचंच होतं. एक भोंगा कडुनिंबावर, दुसरा शाळेच्या छपरावर, मधे दीड-दोनशे हात तार, आणि तीही दोऱ्यासारखी. आवाज तरीही पलीकडच्या गावात जायचा. कारण त्या लाइनवर अँप शंभर व्होल्ट सोडतो. व्होल्ट वाढले की तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो, आणि भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर पुन्हा खाली उतरवतो. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तवाची तारच असली होती जी."

याही वेळी त्यांनी स्टेशनाकडे बोट केलं. हावडा-मुंबई लाइन आमच्या गावातून जाते, मालगाड्यांना खंड नसतो. "ते पाहा वरची तार. गाडी कायच्यावर चालते? जाड तारेवर!" आता त्या तारेचं तांबं एकशे सात चौरस मिलिमीटर, म्हणजे जाडी करंगळीएवढी. पन्नासेक डब्यांची कोळशाची गाडी त्या करंगळीवर चालते, कारण तिच्यात पंचवीस हजार व्होल्ट असतात. भोंग्याचीच युक्ती, फक्त मोठ्या घरची. पण ताटाचा घास अजून घशातच होता, म्हणून मी बोललो नाही.

काकाजींच्या मते सगळ्याच बिघाडांचं मूळ बारीक तारेत आणि वाढत्या जोडात असतं. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला, तेव्हापासून आमगावात करंट कमी येतो, असंही ते छातीठोक सांगतात. "जोड वाढला का गळती आलीच." पदमपूरचा भवभूती आम्ही आमच्याच मातीतला मानतो, गावच्या कॉलेजलाही त्याचं नाव आहे. काळ अफाट आहे, कधीतरी कुठेतरी माझी कदर करणारा जन्मेल, असं तो लिहून गेला. काकाजींच्या चेहऱ्यावर अधूनमधून तोच भाव येतो.

अखेर अडीच एमएम घेतली. तांबडी एक, काळी एक, प्रत्येकी पंधरा मीटर. कारण "रातच्याले कमी पडली तं कोनाच्या दारात जाशीन?" बिल मी दिलं. काकाजी आमच्यासोबत घरी आले. बोलावलं नव्हतं, बोलवावं लागत नाही.

आणि इथे मला त्यांच्या बाजूनेही चार शब्द लिहिलेच पाहिजेत. आल्याआल्या त्यांनी वायरीची एक तार ब्लेडने खरवडली आणि उजेडात धरली. आतूनही लाल निघाली. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असा माल हल्ली सर्रास खपतो. खरवडलं की पांढरा पडतो. वही घेऊन गेलेल्या गुरुजींना हे सुचलं नव्हतं. मग त्यांनी आमच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. घड्याळ सव्वापाचला थांबलं. सेलची दोन टोकं एका स्पीकरला क्षणभर टेकवली, कोन फट्कन बाहेर आला. दुसऱ्याला तशीच टेकवली, तो आत गेला.

"हा उलटा लागला हाय," काकाजी म्हणाले.

बस. सगळा रोग तो होता. एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा शेजारचा तीच हवा ओढत होता, आणि खर्ज दोघांच्या भांडणात मरत होता. काकाजींनी त्या स्पीकरची दोन टोकं अदलाबदल केली, नीट डाख दिला, चकचकीत. असा डाख आता कोणी देत नाही.

मग अँपमध्ये खुपसायच्या जॅकची पाळी आली. अडीच एमएम जॅकच्या भोकात शिरेना. काकाजींनी पिळून पाहिलं, थुंकी लावून पाहिलं, जॅकच्या कंपनीचा उद्धार केला. त्या वायरीत छत्तीस तारा असतात. शेवटी त्यांनी कटर घेतला आणि टोकाशी एकेक तार छाटायला लागले. मी मोजत होतो. सव्वीस छाटल्या, दहा उरल्या. त्या दहा तारांची जाडी होते सुमारे पाऊण चौरस मिलिमीटर. म्हणजे तेवीस-शहात्तर.

मी वही उघडली नाही.

भाच्याने गिटार लावली, खालची तार छेडली. ओसरीवरचा पत्र्याचा डबा थरथरला. भाचा हसला. काकाजींनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. "पाह्यलं? जाडी!"

त्या रात्रीच्या मंडईत त्यांनी किमान वीस जणांना ती वायर दाखवली. उलट्या स्पीकरचं नाव कुणाकडे काढलं नाही.

आठवड्याने उरलेलं भेंडोळं परत द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दुकान छाटलेला माल घेत नाही, पण काकाजींना उपयोगी पडेल म्हटलं. डिसेंबरची सकाळ होती, आमगावची थंडी. अंगणात बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला होता. पंधराशे वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर, भाच्याचा अँप पूर्ण जोरात बॉक्सला देतो त्याहून दीड जास्त. रॉडची वायर खिडकीतून आत गेली होती, मधे दोन जोड, एकावर चिकटपट्टी, दुसऱ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ. वायर चौदा-शहात्तर. तेवीसहूनही बारीक.

मी हात लावला. चांगलीच गरम होती.

"काकाजी, ही वायर तापली आहे."

"थंडीचे दिवस हायेत गुरुजी," काकाजी म्हणाले, "तापू द्या." आणि भेंडोळं माझ्या हातातून घेऊन, आतल्या खुंटीवर तशाच आणखी सहा भेंडोळ्यांशेजारी टांगून आले.