डिप्रेशनची गोळी गुपचूप कशी घ्यावी
(पेडणे-डिचोलीच्या नवशिक्यांसाठी)

डॉक्टरांनी तुम्हाला डिप्रेशनची गोळी लिहून दिली आहे. ती गिळायला घोटभर पाणी पुरतं. लपवायला मात्र शिकावं लागतं.

1. आजाराचं नाव बदला. ‘डिप्रेशन’ कधीच म्हणू नये, ‘टेन्शन’ म्हणावं. खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीच्या ट्रकवाल्यांना टेन्शन होतं, मोपाच्या विमानतळासाठी जमीन गेली तेव्हा पेडण्याच्या शेतकऱ्यांना होतं. टेन्शनला कारण असतं, म्हणून त्याला अब्रूही असते. काही कारण नसताना पहाटे जाग येते, जेवण नकोसं होतं, असं बोललात तर ‘सगळें बरें आसा मरे, मागीर तुका कितें जालां?’ या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.

2. हॉस्पिटल लांबचं निवडा. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात केसपेपरच्या रांगेत मावशी भेटते. त्यापेक्षा बांबोळी बरी. मानसोपचाराची संस्था आयपीएचबी आणि गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, ही दोन्ही तिथेच असणं ही मोठीच सोय आहे. कोणी विचारलं तर ‘गोमेकॉत पोट दाखवायला गेलो होतो’ म्हणावं. कदंबाच्या बसमध्ये भेटलेला गाववालाही पोटच दाखवायला निघाला असेल, तर दोघांनी पावसावर बोलावं.

3. बाकीचे उपाय खुशाल चारचौघांत करा. दृष्ट काढा, देवाचा कौल घ्या. बाधा झालेल्यांना कोजागिरीला पेडण्याच्या पुनवेला नेतात, तेही हजारोंच्या गर्दीत. कोणी तोंड लपवत नाही, कारण बाधा झाली तर दोष भुताचा असतो. गोळी लागली तर दोष तुमच्या मनाचा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर अख्ख्या घराण्याचा. तिन्हीसांजेला फेणी घेऊन बसणाऱ्यालाही कोणी ‘औषधावर आहे’ म्हणत नाही.

4. ‘सवय लागेल’ हा इशारा मान खाली घालून ऐका. इशारा देणाऱ्या काकींच्या उशाशी अल्प्राझोलामची पट्टी असेल, तर तिच्याकडे बघू नका. खरी सवय लागते ती अशा झोपेच्या गोळ्यांची. डिप्रेशनच्या गोळीची तलफ येत नाही, डोसही सारखा वाढवावा लागत नाही. पण झोपेची गोळी शेजारणीला उसनी देता येते, म्हणून ती घरचीच मानतात.

5. गावाच्या घाईशी जुळवून घ्या. फ्लुओक्सेटीनसारख्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्या दिवसांतच येते आणि बहुधा ओसरते. गावाचा धीर आठ दिवसांचा. नवव्या दिवशी ‘गरम पडली’ असा निकाल लागतो.

6. बरं वाटताच गोळी बंद करा. ही सगळ्यांची आवडती पायरी. डॉक्टर सांगतात की बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्या आणि त्यांना विचारून हळूहळू कमी करा. पण इतके महिने पट्टी लपवायची कुठे? मग एका दिवसात सोडायची. चक्कर येते, जीव अस्वस्थ होतो, पुढे आजार उलटतो. आता छातीठोकपणे सांगता येतं, ‘गोळयांनी कांय जायना.’ 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्याच रुग्णांवरचा अभ्यास छापून आला होता. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटीन घेणारे, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले होते. गावात ‘लॅन्सेट’ येत नसल्याने काळजी नको.

7. श्रेय नीट वाटा. चुकून सहावी पायरी गाळलीत आणि खरंच बरे झालात, तर थोडं कौलाला द्या, थोडं काकींच्या काढ्याला, उरलेलं हवापालटाला. गोळीचं नाव काढू नका. ज्यांना गुण येतो ते गप्प राहतात आणि ज्यांनी मध्येच सोडली ते बोलतात, यावरच तर गावाचं मत टिकून आहे. तुम्ही देवळाच्या मंडपात ‘मी वर्षभर गोळी घेतली, बरा झालो’ असं एकदा जरी म्हणालात, तर उद्या आणखी कोणीतरी तिची पट्टी सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवेल. मग या सात पायऱ्या शिकायला येणार कोण?