हवालदाराचा अर्ज

"साहेब, उद्या सुट्टी हवी होती."

"बंदोबस्त उरकू दे, मग बघू."

गणपती उरकतात, नवरात्र येतं. नवरात्र उरकतं, सभा सुरू होतात. अर्ज तिथंच. मग एक दिवस हाच माणूस नाक्यावर आपल्यावर खेकसतो आणि आपण म्हणतो, यांना बोलायची रीत नाही.

रीत आहे हो, झोप नाही.

2019 च्या 'स्टेटस ऑफ पोलिसिंग इन इंडिया' अहवालासाठी देशभरातल्या पोलिसांना विचारलं, तेव्हा दिवसाचं काम सरासरी 14 तास निघालं. जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच नव्हती. त्या तासांत रुळांवरून उचललेला देह असतो, अत्याचार झालेल्या लेकराचा जबाब असतो. हे सगळं डायरीत उतरतं, मनातून उतरत नाही. बोलावं, तर कमकुवत म्हणतील ही धास्ती.

यावर तणावमुक्तीची शिबिरं घेतात. रात्रपाळी करून आलेल्याला सतरंजीवर बसवून श्वास मोजायला लावू नका. त्याला घरी पाठवा.

माणसं कमी आहेत, हे उत्तर पुरत नाही. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. तिचं गणित त्याच ठाण्यातल्या एका पोलिसानं मांडलं होतं आणि तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते ऐकलं. पुढे 2018 मध्ये ती पाळी मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत नेली. म्हणजे जमतं. पण साहेब बदलला की पाळी बदलेल, ही टांगती तलवार नको. आठ तासांचा कायदाच हवा.

तो मागणार कोण? 1966 च्या कायद्यानं पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले, त्याच सुमारास सरकारनं त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेतली. आजही ते मोर्चा काढू शकत नाहीत. दुसऱ्यांच्या मोर्चाच्या बंदोबस्ताला मात्र उभे असतात.

म्हणून त्यांच्यासाठी आपण बोलायचं. यंदा मांडवाबाहेर उभ्या असलेल्या हवालदाराला खुर्ची द्या, चहा द्या. आणि आमदारसाहेब आरतीला आले की त्यांना तिथंच विचारा, याच्या सुट्टीचा अर्ज कुठं अडलाय?