माइकला पोट ऐकू येतं

आवाजाच्या धंद्यात शिरणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, इथे शरीराचं काही काम नाही. टक्कल चालतं, ढेरी चालते, चार दिवसांची दाढी चालते. गळा तेवढा हवा. पुरावाही तयार असतो. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसत, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. कॅमेऱ्याला टेबलाखालचं दिसत नसे. मग जिथे कॅमेराच नाही तिथे गळ्याखालचं सगळंच माफ, असा हिशोब पुष्कळजण मांडतात. घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याहून अंधेरीला डबिंगसाठी जाणारा-येणारा प्रस्तुत लेखक त्याच बिरादरीतला.

माइक मात्र हा हिशोब मानत नाही. बूथमध्ये पंखा नसतो, टेक सुरू झाला की एसीही बंद होतो, भिंतींना फोम असतो आणि तोंडापासून वीतभर अंतरावर कंडेन्सर माइक टांगलेला असतो. तेवढ्या शांततेत कडक इस्त्रीचा सदरा बोलतो, बांगड्या बोलतात, गुडघाही मत देतो. सगळ्यांत स्वच्छ उच्चार असतात ते पोटाचे. नायक नायिकेला जन्मोजन्मीचं वचन देत असतो आणि मध्येच खालून गुडगुड. "सर, पोट आलं," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून निर्विकारपणे सांगतो, "एक सेफ्टी घेऊ." माणसाला पोट आलंय हे इतक्या आदराने सांगणारा दुसरा व्यवसाय नसेल.

या गुडगुडीमागे सरळ शरीरशास्त्र आहे. पोट रिकामं झालं की जठर आणि आतडी साधारण दर दीड-दोन तासांनी झाडलोट करतात. आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकते आणि हवा नि पाचकरस पुढे ढकलले जातात, त्याचा हा आवाज. म्हणून उपाशी जाऊन उपयोग नाही. मिसळपाव हाणून जावं, तर भरलेलं जठर श्वासपटलाला खाली उतरू देत नाही. लांबलचक संवाद निम्म्यात तुटतो आणि उरलेल्या निम्म्यात ढेकर येतो. रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं, तर जठरातलं आम्ल घशापर्यंत चढतं आणि सकाळच्या 'ताज्या दुधा'च्या जाहिरातीला जुन्या बिजागरीचा आवाज लागतो. तेव्हा रेकॉर्डिंगच्या दोन तास आधी थोडं, साधं, मऊ असं काहीतरी खायचं. प्रस्तुत लेखकाच्या घरी या पथ्याला 'बाळंतिणीचं जेवण' म्हणतात.

पाश्चात्त्य आवाजवाले टेकआधी हिरवं सफरचंद चावतात. त्याच्या आंबटपणाने तोंडातली चिकट लाळ पातळ होते आणि जिभेचे चटचट आवाज कमी होतात. आपल्याकडे त्याच कामाला कैरी लावून पाहायला हरकत नाही. मात्र तिखटमीठ न लावता कैरी खायची, म्हणजे शरीरापेक्षा मनाचा व्यायाम अधिक.

पाण्याची गंमत तर आणखी पुढची. बाटली घेऊन बूथमध्ये शिरणारा प्रत्येकजण समजतो की आपण स्वरतंतूंना पाणी घालतोय. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना शिवतही नाही. ते अन्ननलिकेने जातं. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी, आणि चुकून पाणी तिथे गेलंच तर ठसका लागून टेकचे बारा वाजतात. पोटातलं पाणी रक्तावाटे तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणून ते दिवसभर, आधीपासून प्यावं लागतं. त्याचा दुसरा परिणाम खलनायकाच्या अडीच मिनिटांच्या स्वगतात, साधारण दुसऱ्या मिनिटाला, जाणवतो. मूत्राशयावर ताबा ही आवाजवाल्याच्या फिटनेसची एक कसोटी आहे, शाळेच्या पी.टी.च्या तासाला ती कुणी घेतली नव्हती.

खरी मेहनत करतात ते मात्र जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर लांबीचे पडदे. पुरुष बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा एकमेकांवर आपटतात, स्त्रीचे २०० वेळांच्या आसपास. १२० धरले तरी मिनिटाला ७,२०० झाले. हृदयाची धाव मिनिटाला ७२, म्हणजे शंभर पट कमी. मराठी ऑडिओबुकं वाचणाऱ्यांनी हे गणित करूच नये. २०१७ मध्ये ऑडिओबुकांचं स्टोरीटेल ॲप भारतात आलं आणि अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी दिवसचे दिवस एकाच पट्टीत वाचण्याचं काम इथल्या अनेकांना मिळालं. त्यात नायिकेची सासू पान ऐंशीला ज्या आवाजात टोमणे मारते, त्याच आवाजात तिने पान दोनशे दहालाही मारायला हवेत. मधे कलाकाराला सर्दी होऊन गेली, हे सासूच्या कानावर जाता कामा नये.

एवढं ऐकून उत्साही माणूस जिम लावतो. जवळच्या मिरा रोडला जिम उदंड आहेत. पण जड वजन श्वास रोखून उचललं की स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात. त्यातून 'हुंऽऽ' असा हुंकार काढायची हौस असेल तर ते घासले जातात. म्हणून वाचातज्ज्ञ सांगतात, वजन वर जाताना श्वास सोडा, आणि गप्प राहा. जिममध्ये गप्प राहणं अवघड. तिथे गाणी इतक्या मोठ्याने लागलेली असतात की 'दादा, हे मशीन रिकामं आहे का?' एवढं विचारायलाही आरोळी ठोकावी लागते. दंड कमावता कमावता गळा जातो.

या पेचातून मराठी माणसाला वाट दाखवायला एक राजाच हवा होता, आणि तो होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि व्यायामवेडे होते. त्यांनी आधी युजेन सँडो या युरोप गाजवणाऱ्या पहिलवानाची पुस्तकं आणि उपकरणं आणवली आणि सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीने डंबेल्स फिरवली. पुढे मात्र ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि असे वळले की सगळं संस्थान त्यांनी जमिनीशी समांतर केलं. औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. १९३८ मध्ये लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. प्रस्तुत लेखकाला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की, राजेसाहेबांना मुका व्यायाम मंजूर नव्हता. प्रत्येक नमस्काराआधी ह्रां, ह्रीं, ह्रूं ही बीजाक्षरं मोठ्याने, घुमवून म्हणायची. त्या कंपनांचाही शरीराला उपयोग होतो, असं त्यांचं आग्रही मत होतं. आरोग्याविषयीचे त्यांचे सगळेच दावे आज जसेच्या तसे पदरात घ्यावेत असं नाही. पण तासभर कीर्तन उभ्याने ओढणाऱ्या माणसाला श्वास, कंबर आणि नाद यांचा संबंध कळला नसेल तर कुणाला कळणार? वाकलं की श्वास बाहेर, उठलं की आत, आणि मधे घुमवलेला अनुस्वार. आजच्या व्हॉइस वर्कशॉपमध्ये याच गोष्टीचे पैसे मोजावे लागतात.

अमेरिकेतले स्वरशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी स्ट्रॉमधून गुणगुणण्याचा व्यायाम असाच लोकप्रिय केला. तोंडाशी वाट अरुंद झाली की मागे दाब तयार होतो आणि स्वरतंतू कमी आपटाआपटीत, हलकेच थरथरतात. तत्त्व उत्तम. मात्र १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, आणि शहाळेवाल्याने दिलेला कागदी स्ट्रॉ दुसऱ्या आलापालाच मान टाकतो.

राहता राहिलं चालणं. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येताना गायमुखचा घाट संपला की चेणे लागतं. पुढे वरसाव्याचा फाउंटन नाका आणि खाडीवरचे पूल, मागे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. हवा, झाडी, नदी, सगळं हाकेच्या अंतरावर. डॉक्टर पहाटे अंधारात चालायला सांगतात. पाड्यावरचे जाणते लोक अंधारात एकट्याने जाऊ नका म्हणतात, कारण त्या वेळेला बिबट्याही फिरायला निघालेला असतो. प्रस्तुत लेखक दोघांचंही ऐकून उन्हं वर आल्यावर निघतो. तोवर घोडबंदर रस्ता जागा झालेला असतो आणि धूळ स्वरतंतूंच्या उंचीला आलेली असते. मग नाकाला रुमाल बांधून, तोंडाने संवाद पुटपुटत चालायचं. 'तुला मी जिवंत सोडणार नाही' हे वाक्य रुमालाआडून पाचव्यांदा घोळवणाऱ्या माणसाला समोरून येणारे काका-काकू वाट मोकळी करून देतात. त्या अर्थाने हा मार्ग चालायला प्रशस्त आहे.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करावं तर चेण्याचा निसर्ग सहकलाकार म्हणून हजर. एप्रिल-मेमध्ये कोकिळ, जूनमध्ये बेडूक, पुढे रातकिडे, आणि रात्री उशिरा कंटेनरचे एअरब्रेक बारमाही. कपाटात गोधड्या टांगून, दार लावून, आत उभं राहून वाचावं लागतं. मे महिन्यात एसीविना तशा कपाटात अर्धा तास वाचून बाहेर पडलेल्या माणसाला स्टीम बाथची जाहिरात दाखवू नये. उभंच का राहायचं, असं घरचे विचारतात. कारण बसलं की पोट दुमडतं, छातीचा पिंजरा खाली येतो आणि श्वासपटलाची जागा जाते. मेघना एरंडे यांनी हिंदीत निंजा हातोरीला आवाज दिला. छपरावरून छपरावर उड्या मारणारं ते कार्टं कुणी आरामखुर्चीत बसून बोलेल, अशी कल्पनाही करवत नाही.

इथे आळशी मंडळी हुकमाचं पान टाकतात: मेल ब्लँक. बग्ज बनीचा, डॅफी डकचा आणि आणखी कितीकांचा आवाज. २४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. हाडं मोजण्यापलीकडे मोडली, शुद्ध हरपली आणि सुमारे दोन आठवडे ते कुणाच्याच हाकेला ओ देईनात. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना नाव बदलून हाक मारली: काय बग्ज बनी, आज कसं वाटतंय? आणि अंथरुणावरून ससा बोलला. माणूस बेशुद्ध, ससा शुद्धीवर! पुढे सर्वांगाला प्लास्टर घातलेल्या अवस्थेत, पलंगावर माइक टांगून, त्यांनी 'फ्लिंटस्टोन्स'मधल्या बार्नीचे संवाद म्हटले. कार्टून पाहणाऱ्या पोरांना त्याचा पत्ताही लागला नसेल.

'बघा, प्लास्टरमध्येसुद्धा जमतं,' असं म्हणत ही मंडळी सोफ्यावर पाय पसरतात. त्या वेळी ब्लँक ५२ वर्षांचे होते आणि गळा, श्वास नि रेडिओवरचं टायमिंग यांची अनेक वर्षांची तालीम त्यांच्या गाठीशी होती, हे ते सोयीने विसरतात. शिवाय ब्लँक सशासाठी खरंखुरं गाजर माइकसमोर कचाकचा चावत आणि पुढचं वाक्य वेळेत यावं म्हणून न गिळता थुंकून टाकत. सकस आहार इतक्या जवळ येऊन परत पाठवणारा दुसरा कलाकार प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

शरीर नसलेली एकच मोठी भूमिका आपल्याकडे झाली: १९८८ च्या 'महाभारता'तला 'समय', आवाज हरीश भिमाणींचा. बाकी सगळ्या आवाजांना हातपाय असतात, आणि डबिंगमध्ये ते हातपाय दुसऱ्याचे असतात. अभिनेते शरद केळकर बोलताना अडखळत असत, हे त्यांनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं आहे. त्याच केळकरांचा आवाज २०१५ मध्ये हिंदी 'बाहुबली'तल्या प्रभासला मिळाला. पडद्यावरचा नायक धबधब्याचे कडे चढतो, तेव्हा बूथमधल्या माणसाला धापा, कण्हणं, दात-ओठ खाणं हे सगळं जागेवरून न हलता पुरवावं लागतं. हलला तर सदरा बोलतो. पोट आत खेचून, मुठी आवळून, पाय रोवून गप्प राहायचं आणि तोंडाने तेवढी लढाई करायची. प्लँक नावाच्या व्यायामात माणसं ओरडत नाहीत, एवढाच फरक.

या धापा-किंकाळ्यांना स्टुडिओत 'एफर्ट्स' म्हणतात. त्यांनी गळ्याचं काय होतं, हा अमेरिकेतल्या एका संपातलाही मुद्दा होता. व्हिडिओ गेमच्या आवाज-कलाकारांचा, ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालेला आणि जवळजवळ वर्षभर चाललेला. त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की गळा ताणणारं रेकॉर्डिंग एका वेळी दोन तासांहून अधिक घेऊ नये. अंधेरीत असा संप अजून झालेला नाही. इथे शहाणे लोक एवढंच करतात की आधी प्रेम, मग कुजबुज, मग कोर्टातली भाषणं, आणि आरडाओरडा सगळ्यांत शेवटी. कड्यावरून पडायचं ते संवाद संपवून पडायचं.

येत्या खेपेच्या यादीत प्रस्तुत लेखकाच्या नावावर असं आहे: गुद्दे दिलेले सात, खाल्लेले अकरा, जिन्यावरून गडगडणं एक, पाण्यात बुडणं एक, आणि त्याखाली पेन्सिलीने 'घोडा – जमेल का?' असं लिहिलंय. फुरफुरायला ओठ सैल सोडून दमदार श्वास लागतो, तो सूर्यनमस्कारांमुळे हल्ली बरा येतो. घोड्याचे पैसे वेगळे की गुद्द्यांतच धरायचे, यावर बोलणी चालू आहेत.