दीड इंच माया

कपडा विकत घेताना आमच्याकडे तो आधी उलटा केला जातो. रंग, गळा, बाह्या हे सगळं नंतर. आधी बाजूच्या शिवणीत बोट घालून आतली कड बघायची. ती दोऱ्यांनी दाट बांधलेली असली की "फिनिशिंग बरं आहे" असा शेरा मिळतो. दशा लोंबत असल्या तर तो कपडा, वरून कितीही देखणा असो, परत हँगरवर जातो. माणसांच्या बाबतीत आम्ही इतके चोखंदळ कधीच नव्हतो.

घरी शिवणाऱ्या बाईची पंचाईत होते ती इथेच. तिचा कुर्ता बाहेरून दुकानातल्यासारखा दिसतो आणि उलटा केला की घरचा निघतो. मग कडेला झिगझॅग मार, दात्यांच्या कात्रीने काप, दुहेरी शिवण घाल, नाहीतर कापड पिशवीत भरून खाली मास्तरांकडे जा. नेरूळला आमच्या सेक्टरात जिन्याखालच्या टीचभर जागेत मास्तरांचं दुकान आहे. 'फॉल-बिडिंग, पिको, इंटरलॉक' अशी पाटी आहे. मास्तरांचा हात चांगला आणि पैसेही फार घेत नाहीत, पण गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत ते मान वर न करता म्हणतात, "ताई, ठेवून जा." ठेवून गेलेल्या कापडाचा 'उद्या' कधी उजाडेल हे मास्तरांनाही सांगता येत नाही. घरात स्वतःचं, कडा बांधणारं ओव्हरलॉक मशीन असावं हा विचार अशाच एका 'उद्या'च्या वाट बघण्यात मनात येतो आणि मग जाता जात नाही.

खरं तर हे दुखणं आपलं नव्हेच. साडीला दोन्ही बाजूंनी काठ, धोतराला काठ, उपरण्याला काठ. मागावरून उतरलेलं कापड न कापता नेसायचं, तर ते उसवणार कुठून? पदराच्या टोकाला दशा सुटल्या, तर आपण त्यांचे गोंडे करून मिरवले. कापडाला कात्री लागली आणि कड सांभाळायचं काम मागे लागलं.

त्या कामाचं यंत्र घरासाठी जन्मलंच नाही. अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, मेरो घराण्याची विणलेल्या कपड्यांची गिरणी होती. अशा कपड्याची कड मोकळी सोडली तर तो उलगडत जातो, म्हणून कड बांधत जाणारं यंत्र जोसेफ मेरो याने 1881 च्या सुमारास केलं. पुढे ऐंशीएक वर्षं ते कारखान्यातच राहिलं. 1960 च्या दशकात जपान्यांनी ते लहान करून घरच्या टेबलावर मावेल असं केलं, तेव्हा कुठे बायकांच्या हाती आलं. साध्या शिलाई मशीनचं नशीब त्या मानाने थोर. 1924 साली यंत्रांबद्दल बोलताना गांधीजींनी सिंगरच्या मशीनला सूट दिली होती. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते शोधलं, असं त्यांचं म्हणणं. आयझॅक सिंगरची बायकांविषयीची कळकळ प्रत्यक्षात एका घरापुरती मर्यादित नव्हती, पण ते असो. मशीन घरोघरी गेलं, 1935 मध्ये आपल्याकडे उषा आली, आणि सासूबाईंच्या माहेरून आलेली काळी उषा आमच्या बेडरूमच्या खिडकीशी अजून बिनतक्रार चालते. तिच्या शेजारी कोणाला आणून बसवायचं, एवढाच प्रश्न होता.

शेजाऱ्यांचा सल्ला ठाम होता. उल्हासनगरला जीन्सचे कारखाने आहेत, तिथून वापरलेलं मोठं मशीन घ्या, जन्मभर बघायला नको. मोह पडण्यासारखीच गोष्ट. कारखान्याचं मशीन मिनिटाला सहा हजारांच्या घरात टाके घालतं. घरगुती मशीनची मजल तेराशे ते पंधराशेची. मी हिशेब केला. इंचाला दहा टाके धरले तर मोठं मशीन मिनिटाला पन्नास फूट शिवणार, म्हणजे नऊवारीची एक अख्खी बाजू अर्ध्या मिनिटात. नऊवारीच्या बाजूला काठ असल्यामुळे तिला ओव्हरलॉक लागतच नाही, ही गोष्ट वेगळी. पण पन्नास फूट शिवण माझ्याकडे महिन्याकाठीसुद्धा निघत नाही, आणि त्या वेगाने कुर्त्याची बाही सरळ मशीनखाली जायला हात मुरलेला लागतो. शिवाय मशीनबरोबर चार फुटी टेबल येतं, टेबलाखाली मोटार, मशीनच्या पोटात तेल. जुन्या क्लच मोटारीची तर खोड अशी की तुम्ही शिवत नसलात तरी ती घुमत राहते. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दुपारी दोन ते चार झोपतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच आहेत. उल्हासनगर तिथेच संपलं.

मग घरगुती मशीन बघायला वाशीला गेलो. नवी मुंबईत सगळं मिळतं, तरी जरा मोठी खरेदी निघाली की घरातलं कोणीतरी "एकदा दादरला बघून ये" म्हणतंच. या वेळी ते काम नवऱ्याने केलं आणि तो स्वतः घरी राहिला. माझ्याबरोबर सासरे आले, डोशाच्या आशेने.

दुकानात ओव्हरलॉक मशीन नेहमी ओवून ठेवलेलं असतं. विक्रेता सुती कापडाची एक पट्टी पायाखाली सरकवतो, पेडल दाबतो, खर्रकन आवाज होतो आणि पट्टी दुसऱ्या बाजूने कड बांधून बाहेर येते. गिऱ्हाईक खूश. पण हे मशीन घ्यायचं की नाही, हे ते शिवतं कसं यावरून ठरवू नये; शिवतात सगळीच. ते ओवायचं कसं, हे बघावं. यात बोबीन नसतं. दोन सुया असतात आणि पोटात दोन वाकडे लूपर. सुई खाली आली की खालचा लूपर तिचा दोरा पकडतो, वरचा लूपर खालच्याचा दोरा उचलून कडेवर आणतो, आणि सुई पुन्हा उतरते ती वरच्या लूपरच्या दोऱ्यातून. असं हे हातात हात धरून चाललेलं असतं. चार दोरे, चौघांच्या वाटा वेगळ्या आणि ओवायचा क्रमही ठरलेला: आधी लूपर, सुया शेवटी.

"हे सगळे दोरे काढून परत ओवून दाखवता का?" मी विचारलं.

"मॅडम, घरी माणूस येऊन शिकवेल ना."

"तो येईल तेव्हा येईल. तुम्ही दाखवा."

विक्रेत्या मुलाचा चेहरा पडला. त्याने दोरे काढले, पुढचं झाकण उघडलं, लांब चिमटा घेतला आणि तो वाकला. बराच वेळ आम्हाला त्याची फक्त टाळू दिसत होती. त्याने सुया आधी ओवल्या होत्या. शेवटी खालच्या लूपरमध्ये दोरा गेला, त्याने चाक हाताने फिरवलं, दोन-चार टाके पडले आणि दोरा तुटला. सासरे इतका वेळ गप्प होते. ते चष्मा कपाळावर सरकवून मशीनच्या पोटात डोकावले. आत प्रत्येक दोऱ्याच्या वाटेवर निरनिराळ्या रंगाचे ठिपके होते.

"हे तर आपलंच काम आहे," ते म्हणाले.

सासऱ्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केबलच्या तारा जोडण्यात गेली. पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा, असं ते झोपेतही म्हणत असावेत. त्यांनी त्या मुलाला बाजूला केलं, सुयांचे दोरे काढले, वरच्या लूपरपासून सुरुवात केली आणि मशीन चालतं करून दिलं. त्या मुलाने त्यांना खुर्ची दिली आणि आम्हाला चहा.

दोऱ्याबद्दल मात्र दुकानात कोणी आपणहून बोलत नाही. साधी टीप घालायला शिवणीच्या लांबीच्या साधारण अडीचपट दोरा लागतो. तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक चौदापट खातं. एक मीटर कड बांधायला चौदा मीटर दोरा! रिळं पुरत नाहीत, मोठे कोन घ्यावे लागतात, आणि तेही चार. म्हणजे मॅचिंग हा विषयच बाद. मॅचिंग सेंटरात ब्लाउजपीस घेऊन रामा रंगाच्या सहा छटांतून एक निवडायला अर्धा तास लावणाऱ्या बायकांना हे पचायला जड जातं. त्यातल्या त्यात सोय अशी की उलगडून बघितलं तर शिवणीच्या बाहेरच्या बाजूने दिसतो तो फक्त डाव्या सुईचा दोरा. तेवढा जुळता घ्यावा, बाकी तीन राखाडी. राखाडी कुठल्याही रंगात खपतो.

टी-शर्टचं होजिअरी कापड शिवायचं असेल, तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांचे दोन संच आणि त्यांचा वेग कमी-जास्त करायची सोय हवीच. नाहीतर ताणलेली कड कुरडईसारखी फुलून येते. ही सोय बहुतेक घरगुती मशीनला असतेच. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने मशीन गंजू नये म्हणून झाकण हवं, आतला कापडाचा भुगा साफ करायला ब्रश हवा. हे सगळं पुस्तिकेत असतं.

माझ्या मते खरा प्रश्न पात्याचा. ओव्हरलॉक नुसतं शिवत नाही, शिवण्याच्या क्षणभर आधी कड कापत जातं. टाचणी काढायची राहिली तर पातं तिच्यावर आपटून धार जाते, हे एक झालं. दुसरं अधिक गंभीर आहे, आणि ते मला सासूबाईंनी दाखवलं. त्यांनी कपाटातून लग्नातला शेवाळी रेशमी ब्लाउज काढला, उलटा केला आणि बाजूची शिवण माझ्या नाकासमोर धरली. आत दीड इंच माया. त्यावर ओळीने तीन टिपा घातलेल्या होत्या. अंगाकडची पहिली केव्हाच उसवलेली. तिच्या जागी बारीक भोकांची रांग तेवढी उरली होती. "ही लग्नातली," त्या म्हणाल्या. दुसरीही उसवलेली, ती माझा नवरा झाल्यानंतर निघाली. तिसरी अजून होती आणि तिच्यावर ब्लाउज अंगात जात होता. "हे तुझं मशीन यातलं काय ठेवणार?"

काहीच नाही. ते तीन टिपांसकट सगळी माया कापून पाव इंचाची घट्ट कड हातात देणार. कारखान्याला ते परवडतं. कपडा लहान झाला तर गिऱ्हाइकाने पुढचा साइज घ्यावा, त्यातच त्याचं पोट आहे. घरात तसं चालत नाही. घरात माणसं जाड होतात, मुलं उंच होतात, ताईचा फ्रॉक धाकटीला येतो आणि धाकटीचा मामेबहिणीला. शिवणीत जागा ठेवली नाही तर कपडा एका वर्षाचाच धनी.

घरांनाही अशी माया ठेवता येते. बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 च्या दरम्यान सिडकोसाठी वसवलेलं. जेमतेम 45 ते 75 चौरस मीटरचे भूखंड, पण कुठल्याही दोन घरांना सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढलं, हातात पैसा आला, की शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं म्हणून. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की आज तिथे मूळ बैठं कौलारू घर शोधून काढावं लागतं. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याची हळहळ वाटते. मला नाही वाटत. जागा वापरण्यासाठीच सोडली होती. त्याच शहरात आमच्यासारखे फ्लॅटवाले बाल्कनी बंद करून तीन फुटांची खोली काढतात आणि नोटीस आली की घाबरतात, कारण आमच्या घराच्या शिवणीत काही ठेवलेलंच नाही.

तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न एकच: पातं बाजूला करता येतं का? चांगल्या घरगुती मशीनचं वरचं पातं एक खटका फिरवला की बाजूला होतं. मग मशीन न कापता नुसती कड बांधतं. दुसरी युक्ती मास्तरांनी सांगितली, स्वतःचं गिऱ्हाईक जातंय हे दिसत असूनही. दोन्ही तुकड्यांच्या कडा आधी सुट्या सुट्या ओव्हरलॉक करायच्या, मग दीड इंच आत साध्या मशीनवर टीप मारायची आणि शिवण इस्त्रीने उघडायची. आतून दुकानाची सफाई, वर माया शाबूत. म्हणजे उषाला रजा नाही, आणि सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

नुसत्या साड्यांचे ब्लाउज आणि सुती कुर्ते शिवणाऱ्या बाईने हे मशीन घेऊच नये, असं माझं मत आजही आहे. झिगझॅग आणि खालचे मास्तर पुरतात. मुलांचे टी-शर्ट, रात्रीच्या पँटी, लेगिंग असलं ताणणारं कापड हाती असेल तरच हा खर्च. आमच्या घरी दहावीतला मुलगा आहे आणि तो दर तीन महिन्यांनी पँटीतून वर निघतो. आम्ही घेतलं.

घेतलं खरं, पण ते माझं राहिलं नाही. ओवण्याचं खातं सासऱ्यांकडे गेलं. ते पुस्तिका मोठ्याने वाचतात, संध्याकाळी चिमटा पुसून डबीत ठेवतात, आणि मशीन एकदा राखाडीवर लागलं की त्याला कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही. मी एकदा सुचवलं होतं की नवा कोन ओवायची गरज नाही, जुन्या दोऱ्याला नव्याची गाठ मारून ओढून घेतला की झालं, सुईपाशी गाठ कापायची. सगळे असंच करतात. "जोड द्यायचा तो नीट," ते म्हणाले, "लाइनमध्ये गाठी चालत नाहीत." त्यामुळे सध्या आमच्या घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांची आतली बाजू राखाडी आहे. पांढरा दोरा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि रविवारी खातं बंद असतं.